मुंबई ते लंडन : अंतर एकच, वेळ मात्र वेगवेगळी

मुंबईहून लंडनला निघालेल्या विमानात समोरच्या पडद्यावर मार्गाची रेघ कमानीसारखी वाकलेली दिसते आणि वैमानिक सरळ जायचे सोडून वळसा का घेत आहे, असा प्रश्न अनेक प्रवाशांना पडतो. त्याचे उत्तर घरातल्या पृथ्वीगोलावर मिळते. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे लंडनवर धरून तो ताणला, की दोरा कराचीवरून पूर्व इराणमध्ये शिरतो, कास्पियन समुद्राचा दक्षिण भाग आणि काळा समुद्र ओलांडतो आणि प्रागजवळून लंडनला पोहोचतो. या मार्गाची लांबी सुमारे 7,200 किलोमीटर भरते. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवून आखलेली ‘सरळ’ रेघ प्रत्यक्षात याहून सुमारे 200 किलोमीटर लांब असते. दोऱ्याच्या मार्गाने जाणारे विमान मुंबईहून वायव्येकडे तोंड करून निघते आणि कुठेही वळण न घेता लंडनला मात्र जवळजवळ थेट पश्चिमेकडे तोंड करून पोहोचते. दिशा बदलते ती पृथ्वीच्या गोलाईमुळे.

हा मार्ग भूमितीचा झाला. आकाशाला मात्र सरहद्दी असतात. युक्रेनचे आकाश 24 फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद झाले आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना मज्जाव केला. त्यामुळे अंतराच्या कोष्टकात छापलेला आकडा आणि विमानाने खरोखर कापलेले अंतर यांत तफावत पडते.

वेळेचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेकडे जाताना लंडन ‘आपणहून जवळ येत असावे’, असा तर्क मी सुशिक्षित माणसांकडूनही ऐकला आहे. तो चुकीचा आहे, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेतच उडत असते. प्रत्यक्षात घडते ते नेमके उलटे: जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. याचे कारण म्हणजे दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो.

समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी 900 किलोमीटर आहे. वारा नसेल, तर 7,200 किलोमीटरला आठ तास लागतील. वाटभर ताशी 100 किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जाण्यास नऊ तास लागतील आणि तोच वारा पाठीशी घेऊन परतताना सात तास बारा मिनिटे पुरतील. दोन्हींची बेरीज सोळा तास नव्हे, तर सोळा तास बारा मिनिटे होते. समोरच्या वाऱ्यात आपण अधिक काळ अडकून राहतो, म्हणून त्याने केलेले नुकसान पाठीमागचा वारा पुरते भरून देत नाही.

शिवाय वेळापत्रकातील वेळ ही निव्वळ उड्डाणाची नसते. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून ते पोहोचून, विमान हलू नये म्हणून चाकांना ठोकळे लावले जाईपर्यंतचा सगळा काळ तीत मोजतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि उड्डाणासाठी रांग लागते. तिकडे लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असेल, तर उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. अशा खोळंब्यासाठी काही मिनिटे आधीच धरलेली असतात, आणि म्हणूनच वीस मिनिटे उशिरा सुटलेले विमानही कित्येकदा वेळेवर पोहोचते.