बाजरीच्या भाकरीचा तुकडा: केडगावच्या ‘मुक्ती’ची पार्श्वभूमी

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं. तिथली ‘मुक्ती’, म्हणजे निराधार बायका-मुलींचा आश्रम, म्हटलं की पंडिता रमाबाई आणि त्यांचं धर्मांतर, एवढंच बहुतेकांना आठवतं. धर्मांतराचा वाद इतका गाजला की मागची आई आणि शिक्षिका त्यात हरवून गेली.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवायचं ठरवलं, लोकांचा रोष ओढवून घेतला आणि कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलं. २३ एप्रिल १८५८ला रमा तिथेच जन्मली. ती सहा महिन्यांची असताना घर तीर्थयात्रेला निघालं; तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घालून एका माणसाच्या डोक्यावरून नेलं. पुढे वडील थकले, तेव्हा लेकीला शिकवायचं काम आई लक्ष्मीबाईंकडे आलं. सवड मिळे ती पहाटेच. झोपेनं जडावलेल्या पोरीला अंथरुणातून उचलायचं, लाडीगोडीनं जागं करायचं आणि पाखरांच्या किलबिलीत श्लोक म्हणून घ्यायचे. हातात पुस्तक नसे. आई म्हणेल ते ऐकायचं आणि पुन्हा म्हणायचं. १८८७ साली अमेरिकेत निघालेलं आपलं इंग्रजी पुस्तक रमाबाईंनी याच आईच्या स्मृतीला अर्पण केलं.

ती आई १८७४च्या सुमारास दुष्काळात गेली. शेवटच्या दिवसांत तिच्यासाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमा शेजारच्या बाईकडे गेली, पण मागायला तोंड उघडेना. बाईनेच ओळखलं आणि भाकरी दिली. रमा ती घेऊन आली, तोवर आईच्या अंगात खाण्याचंही त्राण उरलं नव्हतं. मला तरी ‘मुक्ती’चा पाया इथेच दिसतो.

पुढचं बरंचसं सर्वांना ठाऊक आहे. कलकत्त्यात ‘पंडिता’ पदवी, १८८०मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी विवाह, १८८१मध्ये मनोरमेचा जन्म आणि वर्षभराच्या आत वैधव्य. १८८३मध्ये मायलेकी इंग्लंडला गेल्या. वाँटेजला ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात राहिल्या आणि तिथेच वाँटेजमध्ये दोघींचा बाप्तिस्मा झाला. पण रमाबाई काही मुकाट्यानं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. क्रुसावर आपल्याला न कळणारी लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी सिस्टरांना ठणकावून विचारलं. जेवण शाकाहारीच ठेवलं. मनोरमेला धर्म कसा शिकवायचा यावरूनही पत्रांतून खटके उडाले.

११ मार्च १८८९ला रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं, विधवांना राहून शिकता येईल अशी शाळा. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होती, पुढची आनंदीबाई कर्वे, महर्षी कर्व्यांची पत्नी. सदन पुण्याला आलं. तिथल्या मुली ख्रिस्ती होतात असा गवगवा १८९३मध्ये झाला, ‘केसरी’ने झोड उठवली आणि रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांची काळजी खोटी नव्हती. मुली प्रार्थनेला बसत होत्या हे खरं. पण त्या विधवांसाठी दुसरं दार कुठे उघडं होतं?

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन परतल्या. त्यांना ठेवायला केडगावची जमीन कामी आली. १९००पर्यंत तिथे दीड हजारांहून अधिक जणी राहत होत्या. शेती, गाईगुरं, विणकाम, शिवण आणि छापखाना, सगळं बायकांच्या हातात. अमेरिकेत शिकून आलेली मनोरमा शाळेचा कारभार पाहू लागली आणि आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवू लागली. पुस्तकाशिवाय शिकवणाऱ्या आजीची ही नात आता बोटांनी वाचायला शिकवत होती.

२४ जुलै १९२१ला मिरजेत मनोरमा गेली. चाळिशी नुकतीच उलटली होती. सगळा कारभार लेकीच्या हाती द्यायचा असं आईच्या मनात होतं. ते राहूनच गेलं. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्याचं काम त्यांनी त्या दुःखातही सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. बायबल १९२४मध्ये बाहेर पडलं, मुक्तीतल्या बायकांनी खिळे जुळवून छापलेलं.