डायलिसिसशिवायची ट्रीटमेंट, ही गोष्ट आली कुठून

नागपुरात किडनीच्या ओपीडीबाहेर गडचिरोली, यवतमाळ, पार छिंदवाड्याहून आलेली माणसं बसलेली असतात, आणि ऐंशीच्या आजीचं क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनी थकली की साचतो) वाढलं की घरचे एकच विचारतात, डायलिसिस कधी सुरू करायचं. करायचं का, हे फारसं कोणी विचारत नाही.

सुरुवातीला प्रकार अगदी उलटा होता. 1943 ला नेदरलँड्समध्ये विलेम कॉल्फनी रक्त साफ करणारी पहिली मशीन बनवली, पण कायमचं डायलिसिस जमायला लागलं ते 1960 ला, अमेरिकेतल्या सिॲटलच्या डॉक्टर स्क्रिब्नरनी हातात कायम ठेवता येईल असा टेफ्लॉनचा शंट, म्हणजे मशीनला जोडायची नळी, काढल्यावर. मशीन मोजक्या, पेशंट भरपूर, म्हणून 1962 पासून तिथे कोणाला घ्यायचं ते एक कमिटी ठरवायची, आणि पंचेचाळिशीच्या वरच्यांचं नाव तर तिच्यापर्यंत जातच नव्हतं! मग 1972 ला अमेरिकेत सरकारने खर्च उचलायचा कायदा केला आणि हळूहळू वय, हार्ट, अशक्तपणा काही न बघता सगळ्यांनाच डायलिसिस सुरू झालं.

त्याने म्हाताऱ्या माणसाला मिळतं काय, हे नीट तपासलं गेलं खूप उशिरा. 2007 च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं की पंच्याहत्तरीच्या पुढे, हार्टचा आजार आणि बाकी दुखणी असतील तर आयुष्य वाढण्याचा फायदा जवळपास उरत नाही. 2009 ला अमेरिकेतल्या नर्सिंग होमच्या पेशंटचा अभ्यास आला, डायलिसिस सुरू केल्यावर वर्षभरात 58 टक्के गेले, आणि आधीसारखं चालणं-फिरणं, स्वतःचं स्वतः करणं फक्त 13 टक्क्यांचं टिकलं. 2012 ला परत ब्रिटनमध्येच दिसलं, डायलिसिसवाले सरासरी जास्त जगले हे खरं, पण सुरू झाल्यावर त्यांचं जगण्यातलं समाधान घटलं, न घेणाऱ्यांचं टिकून राहिलं.

आता न घेणं म्हणजे घरी सोडून देणं नाही, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. खाज, सूज, मळमळ, दम, रक्त कमी होणं, झोप न लागणं, प्रत्येकावर औषध चालू राहतं, घरच्यांशी बोलणं होतं, शेवटच्या दिवसांचा विचार आधीच होतो. 2015 ला केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा डायलिसिसशिवायच्या ट्रीटमेंटची व्याख्याच केली, आणि त्यात एक फरक स्पष्ट लिहिला: समजून-उमजून डायलिसिस न घेणारा पेशंट वेगळा, आणि पैसा नाही, सोय नाही म्हणून न मिळालेला वेगळा.

विदर्भात हा फरक फार महत्त्वाचा आहे. महात्मा फुले योजनेत डायलिसिस फुकट झालं तरी आठवड्यातून तीनदा गावाहून यायचं, चार-चार तास मशीनवर, सोबतच्याची मजुरी बुडते ती वेगळीच. अशा घरातले आबाजी "नको" म्हणाले, तर ते त्यांना खरंच नकोय की पोराला परवडणार नाही म्हणून म्हणताहेत, हे कोणीतरी बसून त्यांनाच विचारायला पाहिजे.