गीझरमधला मॅग्नेशियमचा रॉड झिजला पाहिजे, आणि झिजला की बदलला पाहिजे

स्टोरेज गीझर घेताना आपण लिटर बघतो, स्टार बघतो, वॉरंटी बघतो, पण टाकी किती वर्षं टिकणार हे ज्याच्यावर ठरतं तो आतला मॅग्नेशियमचा रॉड बऱ्याच जणांनी कधी बघितलेलासुद्धा नसतो. मग काही वर्षांनी खालून पाणी ठिबकायला लागतं, माणूस येऊन सांगतो टाकी गेली, नवीन गीझर घ्या. आणि खरंच तेव्हा दुसरा इलाज राहिलेला नसतो, कारण वेल्डिंग करायला गेलं तर लोखंडी टाकीला आतून दिलेलं काचेचं अस्तर त्या उष्णतेने तडकतं. वाईट याचं वाटतं की काही शे रुपयांचा रॉड वेळेवर बदलला असता तर यातल्या कितीतरी टाक्या अजून चालल्या असत्या.

हा रॉड नेमकं करतो काय? आधी गंज कसा चढतो ते बघू. लोखंड पाण्यात असलं की काही जागी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतात, ते इलेक्ट्रॉन धातूतून वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते उचलतो, म्हणजे एकाच पत्र्यावर एक छोटी बॅटरी चालू असते आणि तिच्यात लोखंड खर्च होत असतं. आता त्याच पत्र्याला मॅग्नेशियम जोडलं तर मॅग्नेशियम लोखंडापेक्षा फार सहज इलेक्ट्रॉन सोडतं, त्यामुळे ऑक्सिजनची भूक मॅग्नेशियम भागवतं आणि लोखंड शाबूत राहतं. अट एवढीच की रॉड टाकीला धातूने धातू टेकून जोडलेला हवा आणि दोघांच्या मध्ये पाणी हवं, तरच सर्किट पूर्ण होतं.

मग मॅग्नेशियमच का, समुद्रातल्या बोटींना तर झिंकचे ठोकळे लावतात? फरक पाण्याचा आहे. समुद्राच्या पाण्यात मीठ इतकं असतं की करंट आरामात वाहतो, गोड पाण्याचा करंटला होणारा विरोध त्याच्या शंभरपट किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. लोखंड सुरक्षित राहील अशा पातळीवर असताना झिंक साधारण पाव व्होल्टच्या जोराने करंट ढकलतं, मॅग्नेशियमचा जोर पाऊण व्होल्टच्या आसपास जातो. समुद्रात पाव व्होल्ट पुरतो, नळाच्या पाण्यात तो कमी पडतो, शिवाय गोड पाण्यात झिंकवर थर बसून ते हळूहळू काम करायचं थांबतं. उलट मॅग्नेशियम समुद्रात लावलं तर ते इतक्या वेगाने संपतं की परवडत नाही, आणि जास्तीच्या करंटमुळे बोटीचा रंगही फुगून निघतो.

गरम पाण्यात तर झिंकचा अजून एक घोटाळा आहे. साधारण ६० अंशाच्या वर, काही प्रकारच्या पाण्यात, झिंक आणि लोखंडाची भूमिकाच उलटते, म्हणजे जे झिंक लोखंडाला वाचवणार तेच त्याला खायला लावतं. जीआय पाइपला आतून झिंकचाच थर असतो, म्हणून फार गरम पाण्याच्या लाइनला जीआय वापरू नये असं म्हणतात ते उगाच नाही.

ही कल्पना दोनशे वर्षं जुनी आहे. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांना खालून तांब्याचा पत्रा मारलेला असायचा आणि तो खाऱ्या पाण्यात झिजायचा. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने सुचवलं की त्या पत्र्याला लोखंडाचे किंवा झिंकचे तुकडे जोडा, आणि तांबं खरोखर वाचलं. पण जहाजं मंदावली! कारण तांबं थोडं थोडं विरघळत होतं तेव्हा त्याच्या विषाने शंखशिंपले आणि शेवाळ चिकटत नव्हतं, तांबं विरघळायचं थांबल्यावर सगळं येऊन चिकटलं, आणि नौदलाने तो प्रयोग सोडून दिला. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की १८०८ मध्ये मॅग्नेशियम पहिल्यांदा वेगळं काढणारा माणूसही हाच डेव्ही होता.

आता रॉड किती दिवस पुरतो. एक किलो मॅग्नेशियममधून हिशोबाने साधारण २२०० अँपिअर-तास (म्हणजे एक अँपिअरचा करंट २२०० तास) मिळायला हवेत, प्रत्यक्षात निम्मेच मिळतात, कारण उरलेलं मॅग्नेशियम पाण्याशी थेट रिअ‍ॅक्शन करून हायड्रोजन सोडण्यात जातं. समजा टाकीला ५ मिलिअँपिअर करंट लागतोय, तर वर्षाला अंदाजे ४० ग्रॅम मॅग्नेशियम जाईल, आणि २०० ग्रॅमचा रॉड पाच वर्षं चालेल. करंट इतका कमी पुरतो तो काचेच्या अस्तरामुळे, रॉडला फक्त अस्तरातली बारीक छिद्रं आणि उघडी राहिलेली टोकं सांभाळायची असतात. पण अस्तर जागोजागी तडकलं, किंवा पाण्यात क्षार जास्त असले आणि करंट तिप्पट झाला, तर तोच रॉड दोन वर्षांच्या आत संपतो. आपण आरओचं पाणी तपासायला जे टीडीएस मीटर वापरतो ते खरं तर पाण्यातून वीज किती सहज जाते तेच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा आकडा दाखवतं, त्यामुळे बोअरच्या पाण्याचा आकडा मोठा आला तर रॉड लवकर तपासायचा हे त्यावरूनच कळतं. सोसायटीत सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) लावला असेल तरीही लवकर तपासा, सॉफ्टनरच्या पाण्यात उघड्या लोखंडावर क्षारांचा संरक्षक थर बसत नाही आणि सगळा भार रॉडवर येतो.

म्हणून वर्षा-दोन वर्षांनी सर्व्हिसिंगला माणूस आला की त्याला रॉड बाहेर काढून दाखवायला सांगा, नुसतं एलिमेंट साफ करून जाऊ देऊ नका. मेन स्विच बंद, पाणी बंद, टाकी रिकामी, मगच उघडायचं, आणि हे काम जाणकारानेच करायचं. रॉड खडबडीत, खड्डे पडलेला, पांढरी पूड धरलेला दिसला तर तो काम करतोय. निम्म्याहून जास्त गेला असेल किंवा आतली लोखंडी तार उघडी पडली असेल तर त्याच दिवशी बदला. आणि तीन वर्षांनीही तो नव्यासारखा गुळगुळीत निघाला तर आनंद मानू नका, बहुतेक त्याचा टाकीशी संपर्कच तुटलेला असतो आणि झीज टाकीची चालू असते. स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत कधी रॉड असतो कधी नसतो, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

काही घरांत गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू रॉडमधून सुटणारा हायड्रोजन वापरून हा वास येणारा वायू बनवतात. अशा वेळी रॉड काढून टाकून भोक बुजवून देणारे लोक भेटतात, तसं अजिबात करू देऊ नका, वास जातो पण टाकीचं संरक्षणही जातं. टाकी धुवून पाणी काही तास ६० अंशाच्या वर तापवलं तर बऱ्याचदा फरक पडतो, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम-झिंकच्या मिश्रधातूचा रॉड मिळतो का ते विचारा. आणि घर दोन-तीन आठवडे बंद असेल तर तोच हायड्रोजन टाकीत साठू शकतो, त्यामुळे परत आल्यावर गीझर चालू करायच्या आधी गरम पाण्याचा नळ काही मिनिटं सोडून ठेवा, खिडकी उघडा आणि तेवढा वेळ जवळपास काडी-लायटर पेटवू नका.