पुरुष निम्न-माध्यमिक शिक्षकसंख्येची दोन देशांमधील तुलना

निम्न-माध्यमिक टप्प्यावर शिकवणारे पुरुष शिक्षक दोन देशांत किती आहेत, हे एकाच व्याख्येने मोजून शेजारी मांडण्याची सांख्यिकीय पद्धत. हा टप्पा म्हणजे युनेस्कोच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण वर्गीकरणातला (इस्केड २०११) स्तर २. देशोदेशीचे आकडे मॉन्ट्रियलची युनेस्को सांख्यिकी संस्था गोळा करते.

बहुतेक तुलना फसतात त्या टप्प्याच्या नावावर. भारतात स्तर २ म्हणजे सहावी ते आठवी, म्हणजेच आपले ‘उच्च प्राथमिक’. जपानमध्ये तो सातवी ते नववी, श्रीलंकेत सहावी ते नववी, तर जर्मनीत साधारण पाचवी ते दहावी. ‘माध्यमिक’ हा शब्द पाहून भारताचा नववी-दहावीचा रकाना उचलला, तर पुढचे सगळे गणित नीट करूनही उत्तर चुकतेच.

नागपुरातल्या एखाद्या अनुदानित हायस्कुलात ही अडचण स्पष्ट दिसते. शाळा पाचवी ते दहावी. पाचवी स्तर १ (प्राथमिक) मध्ये, सहावी ते आठवी स्तर २ मध्ये आणि नववी-दहावी स्तर ३ (युनेस्कोच्या भाषेत उच्च माध्यमिक) मध्ये जाते. शिक्षकखोली मात्र एकच. महाराष्ट्राची जुनी रचना पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी असल्याने बी.एड. झालेले गणिताचे सर सकाळी आठवीवर आणि दुपारी दहावीवर असतात. समजा, त्यांच्या आठवड्याच्या ३० तासिकांपैकी १२ आठवीच्या आहेत. पूर्णवेळ-समतुल्य पद्धतीने, म्हणजे तासिकांच्या प्रमाणात मोजले, तर ते स्तर २ वर ०.४ शिक्षक ठरतात, डोकी मोजली तर पूर्ण १. यूडायसच्या (भारतातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी प्रणालीच्या) शिक्षक-माहितीत ‘फक्त उच्च प्राथमिक’, ‘प्राथमिक व उच्च प्राथमिक’, ‘उच्च प्राथमिक व माध्यमिक’ असे वेगवेगळे पर्याय असतात. जोडपर्यायांतले शिक्षक दोन्ही टप्प्यांत धरले तर बेरीज फुगते, दोन्हींतून गाळले तर हायस्कुले रिकामी दिसतात. शाळेच्या ११ अंकी यूडायस क्रमांकातले पहिले चार अंक (२७ महाराष्ट्र, ०९ नागपूर) घेऊन जिल्हा वेगळा काढता येतो आणि ही विभागणी तपासता येते.

युनेस्कोच्या शिक्षकसंख्येत पूर्णवेळ व अंशकालीन दोघेही डोक्यागणिक येतात. तासिका न घेणारे मुख्याध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचारी येत नाहीत. घड्याळी तासिकांवरचे, म्हणजे तासिकेप्रमाणे मानधन घेणारे शिक्षक एका देशाने धरले आणि दुसऱ्याने वगळले, तर दिसणारा फरक नोंदणीचा असतो, माणसांचा नव्हे.

पुरुषांचा आकडा अनेकदा थेट मिळत नाही. एकूण शिक्षकांतून महिला वजा करून काढावा लागतो. दोन्ही आकडे एकाच वर्षाचे आणि एकाच तक्त्यातले हवेत. लिंगनोंद नसलेले शिक्षक या वजाबाकीत गुपचूप पुरुषांत जातात. यूडायसमध्ये तृतीयपंथी हा पर्यायही आहे, तोही लक्षात ठेवावा. रिकामा रकाना म्हणजे माहिती नाही. पण स्प्रेडशीट त्याला शून्य समजते आणि मग त्या देशातले सगळे शिक्षक पुरुष ठरतात!

नुसत्या संख्येवर थांबण्यात फारसा अर्थ नाही. कल्पित उदाहरण: ‘अ’ देशात ४८,००० शिक्षकांपैकी १२,००० पुरुष, ‘ब’ देशात १५,००० पैकी ९,०००. संख्येने ‘अ’ पुढे, वाट्याने मात्र २५ टक्के विरुद्ध ६० टक्के. विद्यार्थी अनुक्रमे ९,६०,००० आणि ३,००,००० असतील, तर दर हजारी पुरुष शिक्षक १२.५ आणि ३० येतात. विद्यार्थीही त्याच टप्प्याचे घ्यावेत. टप्पा एका देशात तीन वर्षांचा आणि दुसऱ्यात सहा वर्षांचा असेल, तर संख्येपेक्षा वाटा आणि दर हजारी प्रमाणच विश्वासाचे.

वर्षाची जुळणी शेवटी, पण न चुकता करावी. युनेस्को शैक्षणिक वर्ष ज्या साली संपते त्या सालाखाली आकडा देते; २०१८-१९ चा आकडा २०१९ खाली सापडतो. बांगलादेशात वर्ष जानेवारीत सुरू होते, तर विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. यूडायसने वर्षानुवर्षे ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरली. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये रुजू झालेला शिक्षक त्या वर्षीच्या आकड्यात नसे.