मीडिएशनला जायचं की नाही? कुठलं प्रकरण चालतं, अर्ज कसा करायचा, कागद काय लागतात

तारखेला जजसाहेब विचारतात, "मीडिएशनला पाठवू का?" आणि पक्षकार वकिलाच्या तोंडाकडे बघतो, वकील पक्षकाराच्या. पुढच्या अर्ध्या मिनिटात हो किंवा नाही होऊन जातं. मी वकिलाच्या ऑफिसात काम करतो, हा सीन इतक्या वेळा बघितलाय की वाटलं एकदा नीट लिहूनच काढावं, कारण हो म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपण कशाला हो म्हणालो ते बाहेर आल्यावर विचारायचं असतं.

आधी एक घोळ मिटवतो. मीडिएशन म्हणजे मध्यस्थी, मध्यस्थ निकाल देत नाही. निकाल देतो तो लवाद, म्हणजे आर्बिट्रेटर, त्याचा अवॉर्ड तुम्हाला पटो न पटो लागू होतो. आणि लोकअदालत हा तिसराच प्रकार, तिथे एका दिवसात शेकडो प्रकरणं बोर्डावर असतात, आकडा जवळपास ठरलेला असेल तर ती बेस्ट, पण दोन तास बसून बोलायला तिथे कोणाला वेळ नसतो. मध्यस्थ दोघांना एकत्र बसवतो, मग वेगवेगळं बसवतो, एकाचं खासगीत ऐकलेलं परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही, आणि सही करायची की नाही हे शेवटपर्यंत तुमच्याच हातात राहतं.

आता कुठलं प्रकरण चालतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ कोर्टाला प्रकरण मध्यस्थीला पाठवायचा अधिकार देतं, आणि अ‍ॅफकॉन्स विरुद्ध चेरियन वर्की या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने काय पाठवावं आणि काय पाठवू नये हे बऱ्यापैकी मोकळेपणाने सांगितलंय. चालणारी म्हणजे धंद्यातले, कराराचे, पैशाचे वाद, नवरा-बायकोचे, पोटगीचे, मुलांच्या ताब्याचे, भावंडांतलं वाटप, पार्टनरशिप, शेजाऱ्याशी बांधावरून किंवा वाटेवरून, सोसायटीतली भांडणं, मालक-कामगार, अपघाताची भरपाई, ग्राहकाच्या तक्रारी. थोडक्यात जिथे निकाल लागल्यावरही एकमेकांचं तोंड बघायचंय, किंवा मुळात वाद आकड्याचा आहे.

न चालणारी पण नीट वाचा, कारण इथे वेळ फुकट जातो. निवडणुकीचे वाद, प्रोबेटसारखी (मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता घ्यायची) कामं जिथे कोर्टानेच चौकशी करून अधिकार द्यायचा असतो, खोट्या सह्या, बनावट दस्त, तोतयेगिरी, जबरदस्ती असे गंभीर आणि नेमके आरोप असलेले दावे, अज्ञान (१८ वर्षांखालची) मुलं, देवस्थान किंवा मानसिक आजारी व्यक्तीच्या विरुद्ध दावा, सरकारविरुद्ध मालकी हक्क जाहीर करून मागणं, सगळ्या समाजाच्या वतीने चाललेले दावे, आणि फौजदारी खटले. फौजदारीत थोडी वाट आहे, चेक बाऊन्सचं प्रकरण कायद्यानेच आपसात मिटवता येतं म्हणून ते सर्रास मध्यस्थीला जातं, आणि के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या २०१३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ४९८-अ च्या, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाच्या तक्रारीतही मिटायची शक्यता दिसली तर मध्यस्थीला पाठवायला हरकत नाही असं म्हटलंय.

"खोटी सही आहे" हे वाक्य दाव्यात नुसतं रागाने घातलेलं असतं की खरंच हस्ताक्षर तज्ज्ञाकडे कागद पाठवायचाय, हे वकिलाला स्पष्ट विचारा. रागाने घातलेलं असेल तर मध्यस्थी अजून शक्य आहे.

एवढ्यावर प्रकरण "पात्र" ठरतं, पण पात्र वेगळं आणि योग्य वेगळं. माझ्या मते दोनच गोष्टी बघायच्या. पहिली, तुम्हाला नक्की काय हवंय. कोर्टाचा ठप्पा हवा असेल, म्हणजे "ही जागा माझी" असं सगळ्या जगाला दाखवायचा निकाल, किंवा कायद्याचा मुद्दा एकदाचा ठरवून घ्यायचाय, किंवा उद्याच बांधकाम पाडणार आहेत आणि आज स्टे पाहिजे, तर मध्यस्थीत वेळ घालवू नका, आधी मनाई हुकूम घ्या, बोलणी नंतर पण होतात. आणि समोरच्याची भीती वाटत असेल, मारहाणीचा इतिहास असेल, त्याच्यासमोर तोंड उघडत नसेल, तर "सगळे सांगतायत म्हणून" बसू नका. मध्यस्थाला वेगळं बसवायला सांगता येतं हे खरं, पण घाबरून केलेली सही ही तडजोड नसते.

दुसरी गोष्ट, समोरून येणाऱ्या माणसाकडे सही करायचा अधिकार आहे का. हे कोणीच विचारत नाही आणि प्रकरणं इथेच फसतात. एक वाटपाचं प्रकरण सांगतो, नावगाव सोडून. दोन भाऊ, एक बहीण. चार बैठका झाल्या, मध्यस्थांनी एका नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने घराचा नकाशा काढला, मधली भिंत कुठे घालायची, जिना कोणाकडे, पाण्याची टाकी सामायिक, सगळं ठरलं, धाकट्याने तर पेन्सिल हातातून घेऊन स्वतःची खिडकी स्वतः काढली. बहीण परदेशात, "ती काही म्हणणार नाही" असं दोघेही पहिल्या दिवसापासून सांगत होते, मुखत्यारपत्र कोणाकडेच नाही. तिला फोन लावला तर ती म्हणाली मला हिस्सा पाहिजे. झालं, नकाशा फाईलला लागून राहिला. दावा दाखल झाल्याच्या दिवशीच तिला नोटरी केलेलं मुखत्यारपत्र पाठवायला सांगितलं असतं, नाहीतर व्हिडिओ कॉलवर बसवलं असतं, तर पहिल्याच बैठकीत कळलं असतं की हे तीन हिश्श्यांचं प्रकरण आहे.

कंपनीच्या बाबतीत पण तेच, अकाउंटंटला पाठवतात आणि तो प्रत्येक आकड्याला "साहेबांना विचारून सांगतो". बोर्डाचा ठराव किंवा अधिकारपत्र आणा, त्यात "तडजोड करण्याचा व सही करण्याचा अधिकार" हे शब्द पाहिजेतच.

आता अर्ज. तीन रस्ते आहेत.

दावा आधीच चालू असेल तर वेगळं काही करायचं नाही, त्याच कोर्टात एक पानाचा अर्ज द्यायचा की प्रकरण मध्यस्थीला पाठवावं. कोर्ट स्वतःहूनही पाठवू शकतं, त्यासाठी दोघांची संमती लागत नाही, हे अ‍ॅफकॉन्समध्येच आहे. म्हणजे जायला लावू शकतात, मिटवायला लावू शकत नाहीत. कोर्टाला जोडलेल्या सेंटरमध्ये मध्यस्थाची फी पक्षकारांना सहसा पडत नाही.

दावा अजून टाकलाच नसेल आणि वाद घरगुती किंवा साधा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, ऑफिस बहुधा जिल्हा कोर्टाच्याच आवारात असतं. साध्या कागदावर दोघांची नावं, पत्ते, फोन, वाद काय, मागणी काय असं लिहून दिलं तरी चालतं, काही ठिकाणी छापील फॉर्म देतात. माहितीसाठी १५१०० ही हेल्पलाईन आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीत असलेले आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले यांना मोफत वकील मिळतो. महिलांना यात उत्पन्नाची अट नाही, हे लिहून ठेवा.

तिसरा रस्ता व्यापाऱ्यांचा, आणि इथे "जायचं की नाही" हा प्रश्नच उरत नाही. व्यापारी वाद असेल आणि रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल तर कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. पाटील ऑटोमेशनच्या २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे न करता दावा टाकला तर तो फेटाळला जाईल, २० ऑगस्ट २०२२ पासून. सूट एकच, तातडीचा अंतरिम आदेश हवा असेल तर. आणि ती तातडी खरी पाहिजे, नुसती पळवाट म्हणून घातलेली आहे का हे कोर्ट बघतं. मित्राला हातउसने दिलेले ५ लाख यात येत नाहीत, तो व्यापारी वादच नाही.

यात २०१८ च्या नियमांप्रमाणे नमुना १ मध्ये अर्ज, सोबत १,००० रुपये, डिमांड ड्राफ्टने किंवा ऑनलाईन. हा अर्ज पण विधी सेवा प्राधिकरणाकडेच, ते समोरच्याला नोटीस काढतं, दहा दिवसांच्या आतली तारीख देऊन. उत्तर आलं नाही तर शेवटची नोटीस. तरी आला नाही किंवा नाही म्हणाला तर नमुना ३ चा रिपोर्ट, की मध्यस्थी सुरूच झाली नाही. आला तर मध्यस्थीची फी, दोघांत निम्मी निम्मी. वाद ३ ते १० लाखांचा असेल तर १५,०००, ५० लाखांपर्यंत ३०,०००, एक कोटीपर्यंत ४०,०००, तीन कोटींपर्यंत ५०,०००, त्यावर ७५,०००. म्हणजे ८ लाखांच्या थकीत बिलासाठी तुमच्या खिशातून ७,५०० आणि अर्जाचे १,०००. मुदत तीन महिने, दोघे तयार असतील तर आणखी दोन. हा काळ दावा टाकायच्या मुदतीत धरत नाहीत.

ही मुदतीची सवलत मात्र बाकीच्या वादांत गृहीत धरू नका. उसन्या पैशाच्या दाव्याला तीन वर्षं असतात, "बोलणी चालू आहेत" म्हणून ती थांबत नाहीत, आमच्याकडे तीन वर्षं उलटून पंधरा दिवस झाल्यावर आलेले लोक पण बघितलेत.

२०२३ चा मीडिएशन अ‍ॅक्ट पण आलाय, त्यात १२० दिवस आणि वर ६० दिवस अशी मुदत दिलीय आणि समझोता थेट कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा (डिक्रीसारखा) अंमलात आणता येईल असं म्हटलंय. पण त्याची सगळी कलमं एकदम लागू केलेली नाहीत, ९ ऑक्टोबर २०२३ ला त्यातली फक्त काही लागू झाली, त्यामुळे अर्ज कराल त्या दिवशी काय चालू आहे ते वकिलाकडून तपासून घ्या.

कागद काय न्यायचे. ओळखपत्र, आधीच्या नोटिसा आणि त्यांची उत्तरं, दावा चालू असेल तर दाव्याची आणि कैफियतीची (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तराची) झेरॉक्स. पैशाचा वाद असेल तर करार, बिलं, डिलिव्हरी चलन, लेजर, बँक स्टेटमेंट, आणि मुख्य म्हणजे एका पानावर हिशोब, किती येणं, किती आलं, किती राहिलं, कारण तिथे शंभर पानांची फाईल कोणी उघडत नाही पण ते एक पान सगळे बघतात. जमिनीचा असेल तर ताजा सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, वारसांची यादी. नवरा-बायकोचा असेल तर लग्नाचा दाखला, पगाराच्या स्लिपा, मुलांचा शाळेचा खर्च, दागिन्यांची यादी. आणि घरून निघताना स्वतःसाठी एक आकडा ठरवून जा की याच्या खाली मी उतरणार नाही, तो कोणाला दाखवायचा नाही.

मिटलं तर समझोता लिहिताना घाई करू नका. "लवकरात लवकर पैसे देईन" असली वाक्यं नकोत, तारीख, हप्ता, खातं, आणि हप्ता चुकला तर काय हे पाहिजे. चालू दाव्यातला समझोता कोर्टापुढे जाऊन त्याचा हुकूमनामा होतो, आणि संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. दाव्यात नसलेली एखादी जमीन किंवा फ्लॅट तडजोडीत घातला तर रजिस्ट्रेशन लागतं, हे शेवटी कळलं की स्टँप ड्युटीवरून नवं भांडण. कोर्ट फी परत मिळायची तरतूद आहे, पण राज्याराज्यात नियम वेगळे म्हणून त्याच अर्जात रिफंडचा आदेश मागून घ्या, आपोआप कोणी देत नाही.

नाही मिटलं तर मध्यस्थ कोर्टाला एवढंच कळवतो की तडजोड झाली नाही. कोण काय बोललं, कोण किती खाली आलं होतं, हे त्यात येत नाही आणि पुराव्यातही वापरता येत नाही. व्यापारी वाद असेल तर तो न मिटल्याचा रिपोर्ट सांभाळून ठेवा, मूळ प्रत वकिलाकडे आणि एक झेरॉक्स घरी, दावा टाकताना तो सोबत जोडावा लागतो.