नगरपरिषदेचं वकीलपत्र

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं पीठ, सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईवारी वाचली. या पक्षकारांत वाई, विटा, पंढरपूर, चिपळूण, मालवण अशा गावांच्या नगरपरिषदाही आहेत. त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होईपर्यंत बऱ्याच नगरपरिषदांवर प्रशासक होते. आता नवे नगराध्यक्ष, नवी सभागृहं आली आहेत आणि सभेपुढे जे विषय येतात त्यांत एक ठरलेला असतो: परिषदेच्या वतीने काम पाहण्यासाठी वकिलांचं पॅनेल नेमणे. दोन ओळींचा विषय, हात वर, मंजूर. गावाच्या कोट्यवधींच्या जागा मात्र याच दोन ओळींवर टिकतात किंवा जातात. म्हणून ही प्रथा आली कुठून, ते पाहायला हवं.

मुंबई इलाख्यातल्या बऱ्याच गावांनी १८५० च्या २६व्या कायद्याखाली नगरपालिका स्थापन केल्या. तेव्हा कारभार कलेक्टर आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांच्या मुठीत होता, त्यामुळे नगरपालिकेचा वेगळा वकील कोण, असा प्रश्नच फारसा नव्हता. १८८२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, लोकांनी निवडून दिलेले सभासद वाढले, आणि या सभासदांत वकीलमंडळी मोठ्या संख्येने होती. साताऱ्यात वकिली करून पुण्यात आलेले न. चिं. केळकर पुढे पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. लहान गावांतही चित्र यापेक्षा वेगळं नव्हतं. सभेत बसणारा वकील आणि कोर्टात उभा राहणारा वकील एकाच बाररूममधले. पुढे कायद्याने सदस्याला बजावलं की परिषदेच्या बाजूने किंवा विरुद्ध कुठल्याही प्रकरणात व्यावसायिक म्हणून गुंतलास तर सदस्यत्व जाऊ शकतं. ही तरतूद अनुभवातून आलेली असणार, असं मला वाटतं.

१९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम येईपर्यंत राज्यात तीन वेगवेगळ्या परंपरा होत्या. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई इलाख्याचे कायदे, विदर्भात मध्य प्रांताचा १९२२ चा, मराठवाड्यात हैदराबादचा. १९६५ ने त्या एकत्र केल्या. परिषद ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती ठरली. ती दावा लावू शकते, तिच्यावर दावा लागू शकतो. सरकारी वकील सरकारचा. नगरपरिषदेला आपला वकील आपणच शोधावा लागतो. याच कायद्याच्या कलम ३०४ मध्ये परिषदेला संरक्षणही आहे. कायद्याखाली केलेल्या कृतीबद्दलच्या बऱ्याच दाव्यांना आधी एक महिन्याची नोटीस लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. हा मुद्दा कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, पहिल्याच पानावर घेणारा वकील अर्धी लढाई तिथेच जिंकतो, आणि ज्याला तो आठवत नाही तो वर्षानुवर्षं तारखा घेत बसतो.

खरी कसोटी मात्र पुढच्या वर्षीच्या कायद्याने आणली. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम १२७ नगरपरिषदेत काम केलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. विकास आराखड्यात शाळा, मैदान, भाजी मंडई यांसाठी जागा आरक्षित केली आणि दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे मैदान गेलं. ही मुदत आधी सहा महिन्यांची होती, आता दोन वर्षांची आहे. 'पावलं' म्हणजे काय, यावर गिरनार ट्रेडर्स खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संपादनाचा नुसता प्रस्ताव पाठवून भागत नाही. कलेक्टरकडे पत्र पाठवलं, जावक क्रमांक पडला, म्हणजे काम झालं अशा समजुतीत राहिलेल्या परिषदांना हा निकाल फार महागात पडला.

कलम १२७ ची अशी एक नोटीस मी स्वतः पाहिली आहे. माझे काका एका नगरपरिषदेत लिपिक होते. गावाचं नाव सांगत नाही. चार पानी कागद, वर आवकचा गोल शिक्का, शिक्क्यातली तारीख शाईने फुगलेली. ती आवक टेबलावरून बांधकाम विभागात गेली, तिथून नगररचनेकडे, तिथून 'वकिलांचा अभिप्राय घ्यावा' असा शेरा घेऊन परत. वकिलांकडे पोचेपर्यंत तेव्हाच्या सहा महिन्यांतले पाच महिने झाले होते. वकील हुशार होते, पण त्यांच्या हातात तीस दिवस होते. काकांनी तेव्हापासून एक लांबट वही ठेवली. डावीकडे दावा क्रमांक, मग पुढची तारीख, शेवटच्या रकान्यात 'मुदत केव्हा संपते'. पॅनेलवर कोण आहे यापेक्षा त्या शेवटच्या रकान्याला किंमत होती.

दुसरी अडचण अंतराची. गावातल्या दिवाणी कोर्टात गावचा वकील चालतो, पण कलम १२७ ची भांडणं रिट, म्हणजे सरकारी यंत्रणेविरुद्धची थेट याचिका, होऊन उच्च न्यायालयात जातात. विदर्भाला नागपूर होतं, मराठवाड्याला १९८१ पासून औरंगाबाद. दक्षिण महाराष्ट्र आणि तळकोकणातल्या गावांना ऑगस्ट २०२५ पर्यंत मुंबईशिवाय पर्याय नव्हता. त्यामुळे 'गावचा वकील' आणि 'मुंबईचा वकील' अशी दुहेरी व्यवस्था रुजली. मुंबईचे वकील कधी परिषदेत आलेले नसत. याचिकेतल्या एकेका परिच्छेदावरचं परिषदेचं म्हणणं घेऊन लिपिकाने रात्रीच्या एसटीने जायचं, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात फाइल मांडीवर धरून बसायचं, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, संपलं की पुढची तारीख घेऊन परत यायचं. जागेचा नकाशा ज्याने कधी पायांनी मोजला नाही, तो ती जागा वाचवायला उभा राहायचा.

या साऱ्यात 'लॉ फर्म' कुठे आहे? जवळजवळ नाही. वकीलपत्र व्यक्तीच्या नावे होतं, तालुक्याच्या कोर्टात एकेकट्याची वकिली चालते, आणि बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. त्यामुळे पाणीपुरवठ्याच्या पाइपसारखी वकिलाची निविदा काढणं बसतच नाही. मग उरतं पॅनेल. अर्ज येतात, सभा ठरवते, सत्ता बदलली की नावं बदलतात.

न्यायालयांनी या बदलाबदलीकडे काणाडोळा केलेला नाही. उत्तर प्रदेश सरकारने १९९० मध्ये साऱ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एका आदेशाने काढले. तो आदेश श्रीलेखा विद्यार्थी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मनमानी म्हणून रद्द केला. २००४ मध्ये जोहरी मल खटल्यात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू सांगितली. आपला वकील निवडणं हा पक्षकाराचा अधिकार आहे, मुदतवाढ हा वकिलाचा हक्क नाही. २०१६ मध्ये ब्रिजेश्वरसिंग चहल खटल्यात न्यायालयाने म्हटलं की वकिलांच्या नेमणुका पारदर्शक आणि गुणवत्तेवर हव्यात, कारण पैसा जनतेचा आहे. हे तिन्ही निकाल राज्य सरकारच्या वकिलांबद्दलचे आहेत. पण घरपट्टीतून फी देणाऱ्या नगरपरिषदेला त्यातलं तत्त्व लागू नाही, असं म्हणायला मला काही कारण दिसत नाही. मुदतीबाबतही तसंच. २०१२ मध्ये टपाल खात्याने ४२७ दिवस उशिरा केलेलं अपील सर्वोच्च न्यायालयाने नाकारलं आणि सरकारी यंत्रणांना विलंबमाफी गृहीत धरता येणार नाही, हे स्पष्ट केलं.

सर्वांत बिकट अवस्था नव्या नगरपंचायतींची आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या २०१४ नंतर नगरपंचायती झाल्या. ग्रामपंचायतीच्या नावाने चालू असलेले दावे नव्या नावावर आले, पण सोबत जुनी फाइल आलीच असं नाही. तिथल्या वकिलाला आधी दफ्तर शोधावं लागतं.

आता कोल्हापूर जवळ आलं आहे. सकाळच्या गाडीने निघून संध्याकाळी परत येता येतं आणि वकिलाला जागेवर आणून दाखवता येतं. या सहा जिल्ह्यांतल्या परिषदांना उच्च न्यायालयातले वकील नव्याने ठरवण्याची संधी आहे. त्या ठरावासोबत तीन कागद जोडावेत, एवढीच मागणी आहे. प्रलंबित दाव्यांची यादी, प्रत्येकाची मुदत, आणि निवडलेले वकील गावातल्या कोणत्या बिल्डरचं किंवा गाळेधारकाचं वकीलपत्र सध्या चालवतात याचं त्यांनी सहीनिशी दिलेलं निवेदन. माझ्या माहितीतल्या ठरावांना यातला एकही कागद जोडलेला मी पाहिलेला नाही.