साप पकडणारा आणि साप अभ्यासणारा

गेल्या वैशाखात चोपड्याला मामेभावाचं लग्न होतं. मामांनी पाहुण्यांशी माझी ओळख करून दिली ती अशी : “हा आमचा भाचा. सर्पमित्र आहे. पीएचडी पण केली सापांवर.” पाहुण्यांचा पुढचा प्रश्न तयारच होता, “मग दिवसाला किती पकडता?”

खरं सांगायचं तर त्याआधीच्या अख्ख्या पावसाळ्यात मी एकही साप पिशवीत घातला नव्हता. आणि माझी पीएचडी सापांवर नाही, बेडकांवर आहे. पण वरण-बट्टीचं ताट हातात घेऊन मंडपात हे कुणाला समजावणार? “हंगामावर असतं,” असं म्हणून मी बट्टी कुस्करायला घेतली.

मामांची चूक नाही. सर्पमित्र आणि हर्पेटॉलॉजिस्ट, म्हणजे सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांचा संशोधक, हे दोघं लांबून एकसारखे दिसतात. दोघांच्या हातात काठी, पायात बूट, डोक्याला बॅटरी, आणि रात्रीबेरात्री घराबाहेर. मी स्वतः पहिल्याचा दुसरा झालो, त्यामुळे घोळ आणखी वाढला. अकरावीपासून बीएस्सी होईपर्यंत मी गावचा सर्पमित्र होतो. धुळ्याकडच्या नातेवाइकांचे फोन यायचे, “भाऊ, घरमा साप शे, लवकर ये,” की मी सायकल काढायचो.

सर्पमित्राचं काम माणसाच्या घाबरण्यापासून सुरू होतं. घरात साप आहे, बाई ओट्यावर चढून बसली आहे, पोरं रडताहेत, दारात पन्नास माणसं जमली आहेत आणि त्यातल्या दहांच्या हातात काठ्या आहेत. त्याने यायचं, गर्दी मागे सारायची, साप ओळखायचा, पिशवीत घ्यायचा, चार शब्द समजुतीचे सांगायचे आणि निघायचं. पेट्रोलचे पैसे मिळाले तर मिळाले. हे काम रात्री दोन वाजता करावं लागतं आणि त्याला पर्याय नाही. मी आज प्रबंध लिहून बसलो असलो तरी रात्री दोनला शेजारच्या घरात नाग निघाला, तर मीही आमच्या गावच्या सर्पमित्रालाच उठवतो. त्याचा हात रोज चालतो, माझा राहिला नाही. गावात सर्पमित्र नसेल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

संशोधकाचं काम घाबरण्यापासून नाही, प्रश्नापासून सुरू होतं. तोही बहुतेक वेळा लोकांना फुटकळ वाटेल असा. सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यात बेडूक पहिल्या पावसानंतर किती दिवसांनी अंडी घालतात? केळीच्या बागेलगतच्या डबक्यात आणि जंगलातल्या डबक्यात जाती सारख्याच आहेत का? पडीक माळ नांगरला गेला की फुरसं कुठे जातं? अशा एकेका प्रश्नाला तीन-चार पावसाळे लागतात. गर्दी नसते, टाळ्या नसतात, आणि फोटोही फारसे नसतात, कारण दोन्ही हात मोजण्यात गुंतलेले.

एक रात्र जवळून दाखवतो. यावलच्या जंगलाच्या कडेचा एक नाला, जुलै, साडेनऊची वेळ. शंभर मीटरची दोरी टाकायची आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पावलापावलाने चालत, दगड उलटवत, पानं बाजूला करत जायचं. बेडूक सापडला की आधी तो कुठे बसला होता ते लिहायचं : पाण्यात, चिखलात, गवताच्या बुंध्याशी, पाण्यापासून किती अंतरावर. मग ओल्या हाताने उचलायचा, कारण कोरड्या हाताने त्याची त्वचा दुखावते आणि तो त्वचेतूनही श्वास घेतो. छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्प्रिंगच्या काट्याला लटकवायचं आणि त्यातून पिशवीचं वजन वजा करायचं. नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी व्हर्नियरने मिलिमीटरमध्ये. हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, जीपीएसचे आकडे, वेळ. एका बेडकाला दहा मिनिटं जातात, डास वेगळे. नाला बदलताना बूट जंतुनाशकाने धुवायचे, कारण बेडकांच्या त्वचेला लागणारी कायट्रिड बुरशी चिखलाबरोबर एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार या बुरशीमुळे उभयचरांच्या निदान ५०१ जाती घटल्या आणि त्यातल्या ९० नामशेष झाल्याचं मानलं जातं.

सर्पमित्राला बेडकाशी काही देणंघेणं नसतं, आणि असायचं कारणही नाही. बेडूक निघाला म्हणून कुणी फोन करत नाही. मग साप आणि बेडूक एकाच अभ्यासकाच्या वाट्याला का? शास्त्र म्हणून पाहिलं तर दोघांत भरपूर अंतर आहे. सापाच्या अंगावर खवले, बेडकाची त्वचा ओली. साप कोरड्यावर अंडी घालतो किंवा पिल्लांना जन्म देतो, बेडकाची अंडी बहुधा पाण्यात. पण ‘हर्पेटॉन’ म्हणजे ग्रीकमध्ये सरपटणारं जनावर, आणि जुन्या निसर्गशास्त्रज्ञांनी सगळं सरपटणारं-उड्या मारणारं-लिबलिबीत एका पोत्यात भरलं. ते पोतं अजून सुटलेलं नाही. रानात प्रत्यक्ष कामाला उतरल्यावर मात्र ते सोयीचं वाटतं, कारण रात्र तीच, नाला तोच आणि बेडूक खायला आलेला दिवडही तोच. काळजी करायचीच असेल तर बेडकांची आधी करावी. जगभरच्या आढाव्यांत सरीसृपांच्या सुमारे २१ टक्के जाती धोक्यात निघाल्या (२०२२), उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के (२०२३). लग्नात मात्र कुणी विचारत नाही, “दिवसाला किती बेडूक?”

आता दोघांमधल्या खऱ्या फरकाकडे येतो. तो मला माझ्या एका वहीने शिकवला.

सर्पमित्र असताना मी वही ठेवायचो. दोनशेपाने, लाल पुठ्ठ्याची. पाच वर्षांत ती भरली. एमएस्सीला प्रवेश घेतल्यावर मोठ्या अभिमानाने सरांपुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली. “नाग, पाच फूट, घरात.” “घोणस, शेतात.” “कवड्या, बाथरूम.” सर म्हणाले, “छान आहेत. पण हे कुठले?” गावाचं नाव मी क्वचितच लिहिलं होतं, तारीख बहुतेक ठिकाणी होती, आणि साप सोडला कुठे ते एकाही ओळीत नव्हतं. पाच वर्षांची वही, आणि तिच्यातून एकही प्रश्न सुटत नव्हता. साप माझ्या हातातून गेला होता, पण कागदावर आलाच नव्हता.

“कुठला” या एका शब्दाची किंमत खानदेशाला चांगली माहीत असायला हवी. पक्ष्याचं उदाहरण देतो, कारण त्याहून चांगलं सापडत नाही. वनपिंगळा हा छोटा घुबडवर्गी पक्षी १८७३ मध्ये ॲलन ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने शास्त्राला सांगितला. त्याचे बरेच नमुने जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश काळातल्या सनदी अधिकाऱ्याने आपल्याच खानदेशात, शहादा-तळोदा पट्ट्यात गोळा केले. १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही. फक्त एक होती, १९१४ ची, गुजरातमधली, रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाच्या नावावरची. तिच्या मागे लागून शोध झाले आणि पक्षी काही मिळेना. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांनी संग्रहालयातला तो नमुना बारकाईने पाहिला. तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता, चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावलेला. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खरी ठिकाणं धरून नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या आणि त्यांचे सहकारी शहाद्याजवळ पोचले. पक्षी तिथेच होता. ११३ वर्षांनी. एका चिठ्ठीवरच्या गावाच्या नावाने जात हरवते आणि दुसऱ्या चिठ्ठीने सापडते. माझ्या लाल वहीत तर चिठ्ठीच नव्हती.

सापांतही “कुठला” याला जिवाचं मोल आहे. आपल्याकडे मिळणारं सर्पविषरोधक औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनतं, आणि त्यासाठीचं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेकडून येतं. पण एकाच जातीच्या सापाचं विष सगळीकडे सारखं नसतं. घोणशीचं विष प्रदेशागणिक बदलतं आणि त्याचा तापमानाशी, पावसाशी संबंध दिसतो, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधनातून पुढे आलं आहे. जळगावच्या मे महिन्यातल्या घोणशीबद्दल काही बोलायचं तर ती घोणस जळगावची आहे, हे आधी कुणीतरी लिहिलेलं हवं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली, असा अंदाज आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कृती आराखड्यात हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचं ठरलं आहे. (जाता जाता : दंश झाल्यावर सर्पमित्रही नको आणि संशोधकही नको, थेट सरकारी दवाखाना. मारलेला साप सोबत नेण्याची गरज नाही.)

ओळखण्याची कसोटीही दोघांची वेगळी. कवड्या आणि मण्यार घ्या. कवड्या बिनविषारी, भिंतीवर चढून पाली खाणारा. मण्यार अत्यंत विषारी, रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि चावलेलं कळतही नाही. दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. सर्पमित्र दोन सेकंदांत ठरवतो : पट्टे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत गेले तर कवड्या, डोक्यापासून जरा अंतर सोडून सुरू झाले आणि शेपटीकडे ठळक होत गेले तर मण्यार. बहुतेक वेळा बरोबर येतं. पण पट्टे फिकट असलेली मण्यार असते, आणि “बहुतेक वेळा” हे शब्द मण्यारीच्या बाबतीत महाग पडतात. संशोधक पाठीच्या मध्यरेषेवरचे खवले पाहतो. मण्यारीत ते षट्कोनी आणि शेजारच्यांपेक्षा ठळक मोठे असतात, कवड्यात सगळे सारख्या आकाराचे. हे पाहायला चांगला फोटोही पुरतो. हातात घ्यायची हौस नको.

कायद्याच्या नजरेनेही दोघं एक नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये पकडणं हेही ‘शिकार’ या व्याख्येत येतं. संशोधनासाठी प्राणी हाताळायचा तर कलम १२ खाली परवानगी लागते, आणि अभयारण्यात अभ्यासाला जायचं तर कलम २८ खाली वेगळी. माझ्या पहिल्या परवानगीला आठ महिने लागले आणि तोवर पावसाळा सरला. बेडूक फाइलसाठी थांबत नाहीत. सर्पमित्र वनविभागाला कळवून, त्यांच्या नोंदीत राहून काम करतो. त्याला साप घरी ठेवायचा, खेळवायचा, गळ्यात घालून व्हिडिओ काढायचा हक्क नाही. असे व्हिडिओ करणारे काही आहेत, त्यांच्यामुळे बाकीच्यांची बदनामी होते आणि त्यांच्यातलेच काही दंशाने जातात.

आणि करिअर? आमच्या भागातली मुलं मला विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे सर्पमित्र असतो आणि त्यांना पगार संशोधकाचा हवा असतो. रस्ता असा : प्राणिशास्त्रात बीएस्सी, मग एमएस्सी. वन्यजीवशास्त्रातली एमएस्सी देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत. मग नेट ही पात्रता परीक्षा. कनिष्ठ संशोधक फेलोशिप २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,००० होते. ती दर महिन्याला वेळेवर हातात पडेल असं धरून घराचे हप्ते ठरवू नयेत, एवढं अनुभवाने सांगतो. पीएचडीनंतर भारतीय प्राणी सर्वेक्षण (पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे), बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सारख्या संस्था, महाविद्यालयातली नोकरी, नाहीतर धरण-रस्त्यांच्या पर्यावरण अहवालांची कामं. साप हाताळण्याची हिंमत यात कुठेच मोजली जात नाही. सांख्यिकी मात्र मोजली जाते, आणि तिथे आमची बरीच हिंमतवान मुलं गळतात.

सगळ्यात नाजूक मुद्दा मात्र साप सोडण्याचा आहे. सर्पमित्र असताना मी पकडलेले साप मोठ्या प्रेमाने मोटारसायकलवरून तीस-तीस किलोमीटर नेऊन सातपुड्यात सोडायचो. जंगलात सुखी राहतील, ही भावना. कर्नाटकातल्या आगुंब्याच्या नागराजांना आणि अमेरिकेतल्या रॅटलस्नेकना रेडिओ ट्रान्समीटर बसवून जे पाहिलं गेलं ते वाचलं, तेव्हा घशाशी आलं. अनोळखी ठिकाणी सोडलेले साप खूप भरकटतात. लपायची बिळं, पाणी, भक्ष्य, सगळं त्यांना नव्याने शोधावं लागतं, आणि त्या रॅटलस्नेकमध्ये मरणारेही जास्त निघाले. केळीच्या बागेतली धामण डोंगरातल्या सागवानात नेऊन मी तिला वाचवत नव्हतो. ती उंदरांसाठी बागेत होती आणि शेजारच्या बांधावर सोडली असती तरी पुरलं असतं.

म्हणून आता मी चोपडा-यावलकडच्या काही सर्पमित्रांना एक साधा तक्ता दिला आहे : तारीख, वेळ, गाव आणि जीपीएस, साप नेमका कशाखाली होता, लांबी, फोटो, आणि कुठे सोडला. बरेच जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. एकजण टिकला आहे, विशीतला, दिवसा ठिबकच्या नळ्या विकतो. परवा सकाळी त्याचा मेसेज आला : “धामण, साडेपाच फूट, केळीची बाग, मेन लाइनच्या नळीखाली, सात वाजून दहा.” सोबत लोकेशन आणि फोटो, पट्टी उलटी धरलेली. शेवटचा रकाना रिकामा होता. मी विचारलं, “सोडली कुठे?”

थोड्या वेळाने उत्तर आलं, “तिथंच सर. बांधाच्या पलीकडे. शेतकरी म्हणे उंदीर खूप झालेत.”